कालवा बंद झाला की कळव

नांदेड, ४ डिसेंबर २०२४

अक्का,

शरणार्थ.

मागच्या वेळी फोनवर मी 'पुनमला ताप आलाय' म्हणालो आणि तुला 'पुनमचा बाप आलाय' ऐकू आलं. 'मग बसव की त्यांना, चहा दे,' असं तू मोठ्यानं सांगितलंस. सासरेबुवा जाऊन तीन वर्षं झाली आहेत. पुनम तापातही हसली. तेव्हापासून ठरवलं, तुझ्याशी आता पत्रानंच बोलायचं. व्हॉट्सॲपवर लिहिलं तर तुझा लेक श्रीशैल तुझ्या आधी वाचतो आणि वर अंगठाही टाकून देतो.

बातमी अशी, की माझ्या रडारला सरकारी निधी मंजूर झाला. पेढे वाटू नकोस, आधी वाच.

अर्ज मराठीत करायचा होता. माझ्या रडारचं काम गोंगाटावर चालतं, आणि गोंगाटाला शास्त्राच्या कोशात शब्द निघाला 'रव'. रव रडार. स्टाफरूममध्ये मोठ्यानं म्हणून पाहिलं तर शेजारचे सर म्हणाले, "शिरा करून राहिलात का?" मग मला आपला शब्द आठवला. अप्पांच्या पिठाच्या गिरणीत आपण धिंगाणा घालायला लागलो की अव्वा ओरडायची, 'काय कालवा लावलाय रे!' मी छाती फुगवून अर्जावर लिहिलं, 'कालवा रडार'. आपल्या बोलीतला शब्द विज्ञानात गेला म्हणून त्या दिवशी मी माझाच सत्कार केला. सत्काराला मी एकटाच होतो.

पुढची दोन पानं रडारची आहेत. मी कसा वाहवत जातो ते तुला माहीत आहे.

तर, समितीतली मंडळी पुण्याकडची. त्यांच्या मराठीत कालवा म्हणजे धरणाचं पाणी वाहतं तो. त्यांनी अर्ज वाचला, माना डोलावल्या आणि पत्र पाठवलं की कालव्याच्या अस्तरामागे पोकळी होऊन पाणी गळतं ती जागा आपल्या रडारने शोधून द्यावी. 'साहेब, तो कालवा नव्हे,' असं मी उलट टपाली कळवायला हवं होतं. नाही कळवलं. इतक्या वर्षांत कोणी पहिल्यांदाच मला काही देत होतं. अशा रीतीने मी एका दिवसात कालव्यांचा तज्ज्ञ झालो. कालव्याशी माझा आजवरचा संबंध एवढाच, की लहानपणी एकदा त्यात चप्पल वाहून गेली.

रडारचं म्हणशील तर सोपं आहे. साधं रडार हाक मारतं आणि हाक कशावर आपटून परत येते ते ऐकतं. हाक ठरलेली, त्यामुळे कोणालाही ओळखू येते. माझं रडार हाक मारतच नाही. ते अर्थ नसलेला, ताल नसलेला नुसता कालवा सोडतं. मात्र सोडलेल्या कालव्याची एक नक्कल स्वतःजवळ ठेवतं. मग जगभराचा गोंधळ परत आला, की नक्कल हातात घेऊन त्यात आपला तुकडा शोधत बसतं. सापडला तर समोर काहीतरी आहे. किती उशिरा सापडला त्यावरून किती लांब आहे तेही कळतं.

हे मी पुस्तकात शिकलो असं सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे तुझ्याकडून शिकलो. गिरणीच्या आवाजात हाक ऐकू यायची नाही म्हणून जेवायला बोलवताना तू तेलाचा रिकामा डबा बडवायचीस. त्याला ना ठेका, ना ताल. गल्लीतल्या सगळ्या आया डबेच बडवायच्या, पण तुझा डबा मी चौकापलीकडून ओळखायचो, कारण इतकं बेताल दुसरं कोणी बडवूच शकत नव्हतं.

आता काम. तुझ्या सासरच्या शेताला लागून जळकोटकडे कालवा जातो ना, चाचणी तिथे करायची म्हणतो. पाणी असलं की माझं यंत्र आंधळं होतं. एरवीही फार डोळस नाही, पण पाण्यात अगदीच. म्हणून कालवा कोरडा हवा. तो कधी बंद होतो हे पाटबंधारे खात्याच्या साहेबांना विचारायची सोय नाही. कालव्याचा तज्ज्ञच ते विचारायला लागला तर निधी परत मागतील. तुझे दीर बसलिंगप्पा रोज त्या बांधावर असतात, त्यांना विचारून मला कळव.

हे चौथं पान. कानाचं काय? डाव्याचं नाव आता काढत नाही, पण उजव्याला जप. त्यातला आवाज कमी झाला का?

तुझा मन्मथ

---

उदगीर, १२ डिसेंबर

मनू,

शरणार्थ. पत्र मिळालं. पहिलं पान वाचलं, शेवटचं वाचलं. मधली दोन रडारची हायत असं तूच लिहिलंस, म्हणून सोडली. राग मानू नको, चष्म्याला तेवढं झेपत न्हाई. आपला शब्द घातलास ते लई बरं केलंस. अव्वा असती तर म्हणाली असती, मी ओरडत होते त्याचे आता पैसे मिळून राहिलेत.

तू शाळेतलं मराठी लिहितोस, मी बोलते तसं लिहिते. चुका काढायच्या न्हाईत.

कानाचं इचारलंस. डावा कान दाळ मिलला वाहिला, त्याचं काही न्हाई. उजव्यात रात्रंदिवस कालवा असतो. मोटर बंद केली तरी कानात मिल सुरूच. लाइट बिल येत न्हाई एवढंच बरं. डॉक्टरनं बजावलंय की ह्या कानाला काही वेगळं वाटलं तर त्याच दिवशी या, उद्यावर टाकू नका. मी हाव म्हणाले. त्यानं काय बजावलं ते मी दुसऱ्यांदा इचारल्यावर ऐकू आलं, ही गोष्ट येगळी.

श्रीशैलचं एकच चालूय. हाही कान गेला की मिलमध्ये पाऊल ठेवायचं न्हाई. पट्ट्यात पदर गेला आन मागून कोणी ओरडलं तर तुला कळणार का, म्हणतो. त्याचं चूक न्हाई रे. पण घरी बसून मी काय करू? टीव्हीवरचं शिरेल बघू? आवाज येत न्हाई, नुसते वटारलेले डोळे दिसतात. तुझे भावजी गेल्यावर त्या मिलनंच मला उभं केलं. तिथं सगळेच ओरडून बोलतात, म्हणून मी बहिरी हाय हे तिथं कोणाच्या ध्यानात येत न्हाई. माझ्यासारखीला याच्याहून चांगली जागा कुठली?

पुनमला इचार, बापाला चहा दिला का.

जगदेवी

---

नांदेड, २० डिसेंबर

अक्का,

शरणार्थ. रडारची पानं सोडलीस त्याचा राग नाही. माझे विद्यार्थी तर परीक्षेतही सोडतात. ते हल्ली मला 'कालवा सर' म्हणतात. वर्गात शिरलो की मागच्या बाकावरून कोणीतरी तोंडाने पाणी वाहिल्याचा आवाज काढतो.

परवा लॅबमध्ये प्रात्यक्षिक ठेवलं होतं. भिंतीपलीकडे माणूस आहे की नाही ते रडारने सांगायचं. रडारने छातीठोक सांगितलं, कोणी नाही. तेवढ्यात भिंतीपलीकडून प्राचार्य आले. ते म्हणाले, "मन्मथराव, मी पंधरा मिनिटं तिथंच उभा होतो." मी त्यांना सांगितलं की सर, आपण फार स्थिर उभे राहता. यातून त्यांचा गैरसमज झालाच.

कालव्याचं मात्र विसरू नकोस. माझं सगळं त्यावर अडलंय. कालवा बंद झाला की कळव. दोन ओळी पुरेत. पत्र मिळालं की त्याच दिवशी निघतो बघ, कॉलेज गेलं खड्ड्यात.

तुझा मन्मथ

---

उदगीर, ८ जानेवारी २०२५

मनू,

कालवा बंद झाला. सोमवारी सकाळी उठले तर बंद. हळूहळू कमी होत गेला असं न्हाई, एकदमच.

लगेच कळवणार होते. पण वाटलं परत सुरू होईल, म्हणून कालपर्यंत वाट बघितली. झाला न्हाई. लई शांत वाटून राहिलं. मला ही शांतता काही आवडली न्हाई.

श्रीशैलला सांगितलं न्हाई. त्याला कळलं की तो कुलूप लावायला निघेल. तू त्याच दिवशी येतो म्हणालास, एवढं दुसरं कोणी म्हणालं न्हाई, म्हणून तुलाच लिहिलं.

ये.

जगदेवी

---

नांदेड, ११ जानेवारी

अक्का,

वा! वा! वा!

तुझं पत्र स्टाफरूममध्ये उघडलं आणि तिथेच टाळी वाजवली. पुनमला फोन करून सांगितलं, प्राचार्यांना सांगितलं. कालवा बंद झाला! तोही एकदम, हळूहळू नाही! याहून चांगली बातमी तू मला देऊच शकली नसतीस. आता निदान तीन आठवडे तरी असाच राहू दे. कायमचा बंद राहिला तरी माझी हरकत नाही.

शांतता आवडली नाही म्हणतेस, पण सवय होईल. मी तर म्हणतो आनंद घे.

त्याच दिवशी निघणार होतो, पण मोठ्या साहेबांची वेळ गुरुवारची मिळाली आणि त्यांच्याशिवाय माझ्या येण्याला अर्थ नाही. तेवढ्यात संक्रांतही होऊन जाईल. सगळं सामान घेऊन येतो. श्रीशैलला सांगितलं नाहीस हे फार छान केलंस. कुलूप कशाला लावतो तो, मोटरीच्या खोलीला का? असू दे, त्याला कळूच देऊ नकोस, उगाच मध्ये लुडबुड करेल.

तुझा आनंदलेला मन्मथ

---

उदगीर, संक्रांत

मनू,

तीळगूळ घे.

कायमचा बंद राहिला तरी तुझी हरकत न्हाई, हे वाचलं. सवय होईल हेपण वाचलं. आनंद घ्यायला सांगितलास, तेवढा मात्र जमला न्हाई.

मोठ्या साहेबाला घेऊन येण्याइतकं माझं काही मोठं न्हाई. नको येऊ.

जगदेवी

---

लातूर, १८ जानेवारी

अक्का,

तू समोर खाटेवर बसली आहेस, मी खाली स्टुलावर, आणि मी तुला पत्र लिहितोय. मघाशी नर्सने विचारलं, हे काय लिहून राहिलेत? मी म्हणालो, पत्र. कोणाला? मी तुझ्याकडे बोट दाखवलं. ती तेव्हापासून माझ्यावरही लक्ष ठेवून आहे.

गुरुवारी तुला मिलमधून ओढत गाडीत घातलं तेव्हापासून तू माझ्याकडे बघत नाहीस, त्यामुळे हातवारे करूनही उपयोग नाही. पुनमने सकाळी तुझ्या संक्रांतीच्या कार्डाचा फोटो पाठवला. तो वाचून मी बाहेर जिन्यात जाऊन बसलो. आता मी लिहितो ते पूर्ण वाच. पान सोडायचं नाही.

गुरुवारी सकाळी कॉलेजच्या गाडीत यंत्र घातलं, चाचणी बघणाऱ्या मोठ्या साहेबांना पुढच्या सीटवर बसवलं आणि थेट जळकोटला तुझ्या शेतावर गेलो. वाटेत मी साहेबांना कालवा या विषयावर भाषण दिलं. कालवा बंद असण्याचं शास्त्रीय महत्त्व समजावलं. बांधावर चढून बघतो तर कालवा काठोकाठ वाहतोय. बसलिंगप्पा दातवण करत उभे होते. मी विचारलं, "अप्पा, कालवा बंद झाला होता ना?"

"बंद? ह्यो? मन्मथराव, पाण्याची पाळी चालू हाय की. महिना झाला चालूय. पाय घालून बघता का?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मला तुझा राग आला, अक्का. खरं सांगतो. अक्काने न बघताच लिहून टाकलं, असं वाटलं. माझ्याकडे लेखी पुरावा आहे म्हणून मी खिशातून तुझं पत्र काढलं आणि साहेबांना मोठ्याने वाचून दाखवायला लागलो. सोमवारी सकाळी उठले तर बंद. एकदमच. पुढची ओळ वाचली, लई शांत वाटून राहिलं. पाण्याचा आवाज एवढा होता की साहेबांना ऐकू जावं म्हणून मी ओरडून वाचत होतो. 'लई शांत' हे मी ओरडून वाचलं आणि तेव्हा मला तुझा उजवा कान आठवला.

समितीच्या मंडळींनी कालवा म्हटलं की पाणी धरलं, म्हणून मी महिनाभर त्यांची टर उडवली. स्टाफरूममध्ये नक्कल करून दाखवली. आणि माझ्या सख्ख्या बहिणीने, अव्वाच्या त्याच शब्दात, ऐकू येणं बंद झालं म्हणून कळवलं, तर मीही पाणीच धरलं. वर टाळी वाजवली. कायमचा बंद राहिला तरी हरकत नाही, असं लिहिलं. ते मी कालव्याबद्दल लिहिलं होतं गं, पाण्याच्या कालव्याबद्दल. तो कधी बंद होतो एवढंच मला हवं होतं. ते मी त्या मधल्या दोन पानांत विचारलं होतं, जी तू सोडलीस. ती सोडावीशी वाटतील अशीच मी लिहितो, म्हणजे तिथेही दोष माझाच.

साहेब म्हणाले, "प्राध्यापक, चाचणी?" मी म्हणालो, "झाली साहेब, मी नापास." आणि यंत्र, साहेब, बसलिंगप्पा यांना बांधावर ठेवून गाडी उदगीरकडे पळवली. साहेबांना नंतर एसटीने जावं लागलं असं कळतं.

मिलमध्ये आलो तेव्हा तू पाठमोरी उभी होतीस. मी हाका मारत होतो, पण त्या आवाजात कोणालाच ऐकू जाईना. तेवढ्यात लाइट गेली. मिल थांबली. माझा 'अक्का' एकटाच त्या शेडमध्ये घुमला. हमाल वळले, गाडीवाला वळला, श्रीशैल आतून पळत आला. तू नाही वळलीस. ते मला आता दिसत राहणार आहे. मग तू सहज मागे बघितलंस आणि पहिलं काय बोललीस? "सामान कुठंय? आन मोठा साहेब?"

डॉक्टर काय म्हणाले तेही लिहितो, कारण तुला सगळे नुसते मान हलवून दाखवत आहेत. त्याच दिवशी आला असतात तर खात्रीने सांगितलं असतं, असं म्हणाले. आता कानात सुई, गोळ्या आणि वाट बघणं. साखर आहे म्हणून इथे ठेवून घेतलंय. येईल, थोडं येईल किंवा येणारही नाही. मला लाज वाटते, अक्का, आणि त्याहून जास्त भीती वाटते.

काल त्या काचेच्या खोलीत तुझी तपासणी झाली ना, त्यांनी तुझ्या एका कानात खरखर सोडली होती. मी ते हेडफोन कानाला लावून बघितले. तो माझाच कालवा निघाला, अक्का! लॅबमध्ये मी वर्षानुवर्षं जो बनवतो तोच. मी आनंदाने त्या मुलीला म्हणालो, हा माझा आहे. तिने मला बाहेर बसायला सांगितलं.

राग धर, पण बोल. म्हणजे लिही.

मन्मथ

---

(त्याच कागदाच्या पाठीमागे)

मनू,

सगळं वाचलं. एकही ओळ सोडली न्हाई.

टाळी वाजवलीस तिथं मला हसू आलं. तू बाहेर गेला होतास म्हणून दिसलं न्हाई. मी पण शहाणी. एवढी मोठी गोष्ट, आन चार शब्दांत लिहिली. कान लिहायला किती लागतं? दोन अक्षरं. पण कान म्हटलं की डॉक्टर आला, श्रीशैल आला, कुलूप आलं. म्हणून कालवा लिहिलं. लपवायला गेले आन तुझ्यापासून पण लपलं.

घरात कोणाला कळलं कसं न्हाई, इचारशील. तसंही माझ्याशी कोणी बोलत न्हाई, सगळे ओरडतात. ओरडताना तोंड दिसतं. मी हाव म्हणायचे. त्या आठवड्यात मी कशाकशाला हाव म्हणाले ते आता कळून राहिलं. श्रीशैलच्या बायकोला माहेरी पंधरा दिवस जायला हाव म्हणाले म्हणे.

भीती मला पण वाटते. बहिरेपणाची तेवढी न्हाई. मिल चालू असताना पट्टा फिरताना बघितला आन आवाज न्हाई, तेव्हा वाटलं मी मरून वरून बघून राहिले.

त्या मधल्या दोन पानांत अजून काय होतं? तेपण सांगून टाक.

---

नांदेड, ५ फेब्रुवारी

अक्का,

शरणार्थ. त्या दोन पानांत तुझा डबा होता. दवाखान्यात लिहायचं राहिलं, म्हणून आता लिहितो.

माझं रडार अर्थ नसलेला कालवा सोडतं, त्याची नक्कल जवळ ठेवतं आणि परत आलेल्या गोंधळात तेवढा तुकडा शोधतं, असं त्यात होतं. आणि हे मी तुझ्या तेलाच्या डब्यावरून शिकलो, असंही होतं. परवा पुनम देवळात गेली असताना मी घरी डबा काढला आणि तुझ्यासारखा बडवून पाहिला. म्हटलं उदगीरला आलो की तुझ्या कानाशी बडवीन. जमत नाही. माझ्या हाताला आपोआप ठेका लागतो. खालच्या मजल्यावरचे वर येऊन म्हणाले, वरात आहे का? माझ्याकडे नक्कलच नाही, अक्का. ती फक्त तुझ्याकडे आहे. दुसऱ्या कोणाचा आवाज तुला ओळखू आला नाही तर नको, पण तुझा तुला यायला हवा. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, तोटा काही नाही, शेजाऱ्यांना विचारा.

मोठे साहेब भले निघाले. एसटीत उभं राहून गेले, तरी वर तक्रार केली नाही. उलट बहिणीचं विचारलं आणि चाचणीला दुसरी तारीख देतो म्हणाले. निघताना काय म्हणाले माहीत आहे? "कालवा बंद झाला की कळवा." मी तिथेच खुर्ची धरली.

समितीला मी सगळं खरं लिहून पाठवलं, आमच्याकडे कालवा म्हणजे काय तेही. उत्तर आलं की आपला खुलासा मनोरंजक आहे, काम चालू ठेवावे.

हल्ली मी तो शब्द लिहिला की पुढे कंसात कोणता ते लिहितो. तूही तसंच कर. कालवा (कानाचा) काय म्हणतो? सुरू झाला नाही तरी तसं लिही. मी त्याच दिवशी येतो. या वेळी साहेबांशिवाय.

मन्मथ

---

उदगीर, २१ फेब्रुवारी

मनू,

शरणार्थ.

श्रीशैलनं मिलला कुलूप लावलं न्हाई. दवाखान्यातून आल्यावर त्याला म्हटलं, मला घरी बसव, पण आधी पट्ट्याला जाळी बसव, कारण माझ्यामागं दुसरं कोणीतरी तिथं उभं राहणारच. जाळी बसवली. मग जाळी असताना आईला काय धोका, हे त्याचं त्यालाच सुचलं. आता मी दारात खुर्ची टाकून बसते. जाळी पलीकडं, मी अलीकडं.

तुझं पत्र आल्यापासून रोज सकाळी मोटर सुरू व्हायच्या आधी शेडमध्ये जाते आन डबा बडवते. तेलाचा पत्र्याचा डबा आता मिळत न्हाई, सगळे प्लॅस्टिकचे. शेवटी तुझ्या भावजींच्या टायमाचा एक माळ्यावर सापडला. पहिल्या दिवशी हमाल पळत आले, साप निघाला का म्हणून. श्रीशैलला वाटलं सुईचं औषध डोक्यात गेलं. सून म्हणाली, "आत्याबाई, काय कालवा लावलाय?" हे मला ऐकू आलं न्हाई, तिनं पाटीवर लिहून दाखवलं.

काही येत न्हवतं. हाताला झिणझिण्या यायच्या, कानाला काही न्हाई. दोन वेळा डबा फेकून दिला. परत आणला, कारण तू खालच्या मजल्यावरच्या लोकांपुढं वरात काढलीस ते आठवलं.

आज सकाळी बडवत होते. लई लांब, चौकाच्या पलीकडं, कुणीतरी डबा बडवून राहिलंय असं वाटलं. वाटलं कोण एवढं बेताल बडवतंय बया. मी थांबले, तेपण थांबलं. मी बडवला, तेपण सुरू झालं. तीनदा करून बघितलं. मग कळलं, ती मीच.

तिथंच पोत्यावर बसले आन रडले. मग मोटर सुरू करायला सांगितली. आली रे, मिल आली. बारीक, घोंगडीखालून आल्यासारखी, पण आली. शब्द अजून न्हाईत. सून बोलली त्यातलं काही कळलं न्हाई. डॉक्टर म्हणतो शब्द येतील का ते सांगता येत न्हाई. नुसता कालवा हाय. पण आपल्या घरात तेवढा पुरतो.

दुपारी बसलिंगप्पा आले होते. पाळी संपली, जळकोटचा कालवा आजपासून बंद, असं तुला कळवायला सांगितलं. पायानं चालून बघितलाय म्हणाले, कोरडा हाय.

म्हणजे एकाच दिवशी एक कालवा बंद झाला आन एक सुरू झाला. कंसात काही लिहीत न्हाई, कोणता कोणता ते तुझं तू ओळख. ओळखलंस तर तुझं मशीन घेऊन ये, साहेबालाही आण, त्यांना जेवायला घालते, एसटीचं फिटून जाईल.

आन एक. आज जो सुरू झाला तो कायमचा सुरू राहिला तरी माझी हरकत न्हाई.

जगदेवी